आई-बाप व्हायला लायसन? महाराष्ट्र या वाटेनं जाऊन आलाय

घोडबंदर रोडला सिग्नलवर एखादं पोर गाडीची काच ठोठावायला लागलं की आत कुणीतरी हमखास म्हणतं, "गाडी चालवायला लायसन लागतं, मग पोरं जन्माला घालायला का नको?" राग समजू शकतो. पण मंडळी, आपलं राज्य या वाटेनं एकदा जाऊन आलंय.

साल १९७६, आणीबाणीचं. १६ एप्रिलला केंद्रानं लोकसंख्या धोरण जाहीर केलं. सक्तीच्या नसबंदीचा कायदा करायचा असेल तर राज्यांनी करावा, अशी मोकळीक त्यात होती. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळानं विधेयक मंजूर केलं : तीन मुलं झाली की नसबंदी, नाहीतर तुरुंग. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कागदावरच राहिलं.

पण सक्तीला कायद्याची गरज कुठे होती? त्या जानेवारीतच सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत माणसं रस्त्यावरून उचलून नसबंदी केल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. टार्गेट पुरं करायचं म्हटल्यावर हात कुणावर पडणार? ज्याला वशिला नाही, त्याच्यावर. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सरकारच घालवलं.

तरी मोजणी संपली नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर आज महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट घातली. छाननीच्या दिवशी जन्मदाखले घेऊन हरकती घेणारे तुम्हीही पाहिले असतील. त्यात मुलं किती, एवढंच विचारतात. ती शाळेत जातात का, जेवतात का, घरी मार खातात का, हे कोण विचारतं?

पालकांची खरी तपासणी एकाच ठिकाणी होते, दत्तक घेताना. उत्पन्नाचे, तब्येतीचे कागद द्यावे लागतात, समाजसेविका घरी येऊन अहवाल लिहिते. ते योग्यच आहे, कारण तिथे मूल आधीच जन्मलेलं असतं आणि त्याची जबाबदारी सरकारवर असते. जन्माआधी परवानगी मागणं ही वेगळी गोष्ट.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, ते सक्तीसाठी नव्हे. लोकांना माहिती द्या, साधनं द्या, निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. तरी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं.

आणि सिग्नलवरच्या पोराचं काय? त्याचं एक उत्तर आपल्याच ठाण्यात आहे. २०१६ मध्ये महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठानं तीन हात नाक्याच्या पुलाखाली कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. आई-बापाचं लायसन विचारत बसण्यापेक्षा पोराच्या हातात पाटी दिली.

लायसन द्यायचंच म्हटलं तर शिक्का कुणाच्या हातात राहील? आणि पहिला अर्ज कुणाचा फेटाळला जाईल, टॉवरमधल्याचा की पाड्यावरच्याचा? १९७६ आठवून सांगा.