आशेचे भूशिर : एका नावाचे वाचन

केप ऑफ गुड होप हे आफ्रिका खंडाचे दक्षिणतम टोक नव्हे. तो मान सुमारे १५० किलोमीटर आग्नेयेकडील अगुल्हास भूशिराचा. तरीही सागरी व्यापाराच्या इतिहासात गाजले ते पहिलेच. या कीर्तीत भूगोलाइतकाच नावाचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

१४८८ साली बार्तोलोमेव दियाशने हे टोक ओलांडले. त्याने त्यास 'वादळांचे भूशिर' म्हटले आणि पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन याने ते नाव पालटले, असे इतिहासकार बारूश सांगतो. दुआर्ते पाशेकू मात्र शुभनामाचे श्रेय दियाशलाच देतो. खरे काहीही असो, टिकले ते मिरी-मसाल्यांच्या मार्गाची ग्वाही देणारे नाव. १४९८ मध्ये वास्को द गामा याच मार्गाने कालिकतला पोहोचला. १५०० साली खुद्द दियाश मात्र याच परिसरातील वादळात बुडाला.

नावाने झाकलेले हे भय काव्यात परतले. १५५३ मध्ये गोव्यास आलेल्या कामोइंशच्या 'लुझियादास' (१५७२) या महाकाव्यात भूशिर आदामास्तोर नामक राक्षस होऊन पोर्तुगीजांचा विनाश वर्तवते. त्यातील एक भाकीत व्हाइसरॉय आल्मैदाच्या मृत्यूचे. तो १५१० मध्येच, भारतातून परतताना, टेबल उपसागराच्या किनाऱ्यावर खोइखोइ पशुपालकांशी झालेल्या लढाईत मारला गेला होता. कवीने खडकाला वाचा दिली. पण त्या राक्षसाचे कूळ ग्रीक पुराणातले. ती लढाई जिंकणाऱ्यांची बाजू तो सांगत नाही.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने येथे जहाजांना पाणी, भाजीपाला व मांस पुरवणारे ठाणे उभारले. ठाण्याची वसाहत झाली. खोइखोइंची कुरणे गेली, आणि बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरून गुलाम आणले गेले. त्यांच्या दृष्टीने या टोकाचे नाव काय असते?

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि या मार्गाचे महत्त्व ओसरले. पण संपले नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होताच अनेक मालवाहू जहाजे पुन्हा याच वळशाने जाऊ लागली. 'आशा' हा शब्द येथे प्रथमपासून जहाजावरून उच्चारलेला आहे. इतिहास वाचताना तो किनाऱ्यावरूनही ऐकला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.