दोन आसनांची सायकल आणि अंध बांधवांचा प्रवास

अंध मनुष्याच्या हाती दोन वस्तू इतिहासाच्या आरंभापासून दिसतात. एक काठी आणि दुसरा कटोरा. काठी वाट शोधण्यासाठी, कटोरा पोटासाठी. ज्याच्या कटोऱ्यात इतरांनी नाणे टाकावयाचे त्यानेच शेकडो किलोमीटर सायकल चालवून इतरांसाठी निधी उभा करावा, ही गोष्ट आपल्या पणजोबांच्या कानी घातली असती तर त्यांनी ती भाकडकथा म्हणून सोडून दिली असती. तथापि गेल्या काही दशकांत हे प्रत्यक्षात घडत आले आहे. दोन आसनांच्या, म्हणजे 'टँडेम' सायकलीवर पुढे डोळस व मागे अंध स्वार बसून लांबलांबचे पल्ले गाठतात. ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकावरील लँड्स एंडपासून उत्तरेच्या जॉन ओ'ग्रोट्सपर्यंतचा सुमारे १,४०० किलोमीटरचा रस्ता हा अशा दानफेऱ्यांचा आवडता मार्ग होय. दाते स्वारांच्या नावे रकमा कबूल करतात आणि फेरी पुरी झाली की ते धन एखाद्या सेवाकार्यास पोहोचते.

या घटनेमागे साडेसात शतकांचा इतिहास उभा आहे. त्यात ख्रिस्तसभेचा वाटा मोठा आहे. तो गौरवाचाही आहे आणि विचार करावयास लावणाराही. तो इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा आमचा मानस आहे.

प्रारंभ करावयाचा तो एका संतापासून. फ्रान्सचा राजा नववा लुई, ज्यास आपण संत लुई म्हणून वंदन करतो, त्याने १२६० च्या सुमारास पॅरिस नगरीत तीनशे अंधांसाठी एक आश्रम स्थापन केला. 'पंधरा वेळा वीस' या अर्थाचे 'कँझ-व्हँ' हे त्याचे नाव. धर्मयुद्धात डोळे गमावलेल्या तीनशे सरदारांसाठी तो उभारला अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. परंतु ती उत्तरकालीन होय. आश्रम होता तो पॅरिसच्या दरिद्री अंधांसाठीच. येथे त्यांना छप्पर होते, प्रार्थनामंदिर होते, आणि त्यांच्यासमवेत वाट दाखविणारे काही डोळस सदस्यही राहत असत. एवढी व्यवस्था असूनही आश्रमवासीयांस निर्वाहासाठी राजचिन्ह मिरवीत पॅरिसच्या रस्त्यांवर भीक मागावीच लागे. संताच्या करुणेने अंधांना घर दिले. कटोरा मात्र त्यांच्या हातातून सुटला नाही. ती संस्था आजही पॅरिसमध्ये नेत्ररुग्णालयाच्या रूपाने उभी आहे.

यानंतर पाचशे वर्षे लोटली. १७७१ साली पॅरिसमध्ये संत ओव्हिड यांच्या नावाने भरणाऱ्या जत्रेत एका उपाहारगृहवाल्याने काही अंध वादकांना विदूषकी वेष चढवून, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे भलेमोठे चष्मे लावून आणि त्यांच्यापुढे संगीताची पाने मांडून बसविले होते. लोक पोट धरून हसत होते. त्या गर्दीतील व्हॅलेंटिन हाऊय या गृहस्थास हसू आले नाही. हे लोक खरोखरच वाचू लागले तर, हा विचार त्याच्या मनात घर करून राहिला. पुढे १७८४ मध्ये सेंट-जर्मेन-दे-प्रे या चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रान्स्वा लेस्यूर नावाचा अंध तरुण त्याला भेटला. हाऊयने त्याला आपला पहिला विद्यार्थी केले. छापील कार्डाच्या मागील बाजूस उमटलेले अक्षर या तरुणाने बोटांनी ओळखले, आणि त्यातून उठावाच्या अक्षरांची कल्पना पुढे आली असे सांगतात. अंधांची पहिली शाळा उभी राहिली ती अशी. आम्हांस येथे एक प्रश्न पडतो. त्या चर्चच्या पायऱ्या रोज किती भाविक चढत-उतरत असतील? त्यांतील अनेकांनी त्या तरुणास नाणे दिले असेल. अक्षर देण्याचे सुचले ते एकालाच.

याच शाळेत १८१९ साली कूपव्हे गावच्या खोगीर-लगाम बनविणाऱ्या कारागिराचा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. तो लुई ब्रेल. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळता खेळता आरी डोळ्यात घुसून त्याची दृष्टी गेली होती. गावचे धर्मगुरू आबे पाल्युई यांनी त्या बालकास प्रथम शिकविले आणि पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. चार्ल्स बार्बिये याने अंधारात वाचता यावी म्हणून बारा टिंबांची लिपी योजिली होती. ब्रेलने ती सहा टिंबांवर आणली आणि बोटाच्या एका स्पर्शात मावेल असे अक्षर घडविले. १८२९ साली त्याची पद्धत छापून प्रसिद्ध झाली. ब्रेल श्रद्धावंत कॅथलिक होता. पॅरिसच्या चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवीत असे. ६ जानेवारी १८५२ रोजी त्याचे देहावसान झाले आणि फ्रान्समध्ये त्याच्या लिपीस अधिकृत मान्यता मिळाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. महत्त्वाची गोष्ट ही की, अंधांच्या हाती लिपी दिली ती एका अंधानेच. डोळस शिक्षक डोळ्यांना सोयीची अक्षरे उठवून देत होते. बोटांना काय सोयीचे हे जाणण्यास अंधाची बोटेच लागली.

इतिहासाचा एक धागा आमच्या वेदीपर्यंत येतो. तो टाळून पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात शारीरिक व्यंग असलेल्यास अर्पणविधीपासून दूर ठेवले आहे, आणि त्याच ग्रंथात अंधाच्या वाटेत अडथळा ठेवू नये अशीही आज्ञा आहे. धर्मसभेच्या १९१७ च्या कायद्यानुसार, व्यंगामुळे वेदीची सेवा सुरक्षितपणे वा शोभनीय रीतीने करता न येणाऱ्यास गुरुदीक्षा घेण्यास अडसर होता. मिस्साग्रंथ वेदीच्या डाव्या बाजूस असे, म्हणून डाव्या डोळ्याचे महत्त्व विशेष मानीत. त्याला 'कॅननचा डोळा' असे नावच पडले होते. दीक्षेनंतर दृष्टी गेलेल्या धर्मगुरूंस मात्र पाठ असलेली मिस्सा अर्पण करण्याची सवलत मिळत असे. १९८३ च्या नव्या कायद्याने शारीरिक व्यंग हा दीक्षेतील अडसरांच्या यादीतून वगळला. उमेदवाराची पात्रता पारखण्याचे काम महागुरूंच्या विवेकावर सोपविले. कायदा बदलण्यास सहासष्ट वर्षे लागली. मने बदलण्यास किती लागतील, हे आपणच ठरवावयाचे आहे.

आता सायकलीकडे वळू. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी 'सेफ्टी' सायकल बाजारात आणली. लगोलग, १८८६ च्या सुमारास, डॅन अल्बोन आणि ए. जे. विल्सन या दोघांनी दोन स्वारांची टँडेम घडविली. यातील विल्सन कर्णबधिर होता. इंग्रजीत 'बहिरा' या अर्थाचा जो शब्द आहे त्याची अक्षरे उलटी लावून 'फेड' या टोपणनावाने तो सायकलविषयक लेखन करी. अंधांना पुढे इतकी उपकारक ठरलेली सायकल घडविणाऱ्यांत एक बहिरा मनुष्य होता, हा योग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

याच काळात लंडनमध्ये फ्रान्सिस कॅम्पबेल हा अमेरिकन अंध शिक्षक कार्य करीत होता. लहानपणी काटा लागून त्याची दृष्टी गेली होती. १८७२ साली त्याने डॉ. आर्मिटेज यांच्या साहाय्याने अंधांसाठी महाविद्यालय काढले, आणि संगीताइतकेच महत्त्व व्यायामाला दिले. अंधाला भिंतीलगत बसवून ठेवणे हा त्याच्यावरील दुसरा आघात होय, असे त्याच्या शिक्षणाचे सूत्र होते असे म्हणता येईल. १८८० साली तो स्वतः माँ ब्लाँ शिखर चढून गेला.

आपल्या देशात ही पहाट थोडी उशिरा झाली. १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांची पहिली शाळा उघडली. दुष्काळाच्या सावटात १९०० साली मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा काढली. दादरची अंधशाळा ती हीच. १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान अशी 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली. या दोन्ही शाळा प्रॉटेस्टंट भगिनींच्या, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

पुण्याचे श्री. दिव्यांशु गणात्रा यांचे नाव या परंपरेत आदराने घ्यावे लागेल. काचबिंदूने एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले. २०१४ साली त्यांनी एकट्याने पॅराग्लायडिंगचे उड्डाण केले, आणि अपंग व धडधाकट यांना खेळांतून एकत्र आणणारी 'ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स' ही संस्था स्थापन केली. २०१६ साली टँडेमच्या मागच्या आसनावरून त्यांनी मनालीपासून खारदुंग ला खिंडीपर्यंतची चढाई पूर्ण केली. ही वाट पाचशे किलोमीटरहून लांब आहे. अटल बोगदा खुला झाला तो २०२० साली; तोवर रोहतांगची चढण चुकत नव्हती. पुढे बारालाचा ला आणि टांगलांग ला अशा खिंडी लागतात, आणि खारदुंग लाची उंची सुमारे ५,३५९ मीटर भरते. तेथे धडधाकट माणसालाही श्वास पुरत नाही. नंतरच्या वर्षांत याच मार्गावर अंध, अपंग व धडधाकट स्वारांची पथके त्यांच्या संस्थेने नेली.

टँडेमची रचना पाहिली म्हणजे या साऱ्या इतिहासाचा अर्थ उलगडतो. आपल्याकडे सायकलवर 'डबलसीट' बसण्याची रीत आहे. कॅरिअरवर बसलेला मनुष्य हे नुसते ओझे. चढण आली की त्याला उतरावे लागते. टँडेमवर तसे नाही. पुढचा स्वार हँडल, ब्रेक व गिअर सांभाळतो आणि खड्डा, चढ, वळण तोंडाने सांगतो. मागचा स्वार जोर लावतो. इंग्रजीत त्याला भट्टीत कोळसा घालणाऱ्याचे नाव दिले आहे. दोघांची पायडले एका साखळीने जोडलेली असल्याने एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरतो. कोणता पाय आधी टाकायचा हेही दोघांनी आधी ठरवावे लागते. पॅरालिम्पिक स्पर्धांत टँडेमच्या शर्यतीचे पदक दोघांच्याही गळ्यात घालतात. आयर्लंडच्या केटी-जॉर्ज डनलेव्ही आणि ईव्ह मॅक्रिस्टल यांना २०१६ मध्ये रिओत आणि पुढे टोकियोत सुवर्णपदके मिळाली ती अशीच जोडीने.

संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बेथसैदा येथील अंधाचा हात स्वतःच्या हाती घेऊन त्याला गावाबाहेर नेतो. यरीहोच्या वाटेवर बार्तिमय आरडाओरडा करतो तेव्हा लोक त्याला दटावतात. प्रभू मात्र थांबतो आणि त्याला काय हवे ते त्यालाच विचारतो. अंधाला काय हवे हे उघड नव्हते काय? तरीही प्रभूने विचारले. दृष्टी लाभल्यावर बार्तिमय वाटेवर आपले आंगरखे पसरून पुन्हा बसला नाही. तो प्रभूमागून यरुशलेमच्या वाटेने चालू लागला.

यावरून प्रत्येक अंधाने खिंडी चढाव्यात असा अर्थ कोणी काढू नये. पराक्रमाची सक्ती ही दयेच्या सक्तीइतकीच जाचक असते. सामान्य अंध मनुष्याला सामान्य जीवन जगता यावे, एवढेच न्याय्य मागणे आहे. आपल्या धर्मग्रामांत सणाच्या दिवशी अंधांना भेटवस्तू देण्याची प्रथा आहे. ती चांगलीच आहे. परंतु रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन ब्रेलवरून करण्यास त्यांच्यापैकी कोणास आपण पाचारण केले आहे काय? गायनवृंदात, धर्मशिक्षणाच्या वर्गात, धर्मग्राम परिषदेत त्यांची जागा आहे काय? संत व्हिन्सेंट डी पॉल संघाच्या सभासदांनी त्यांना मदत घेणाऱ्यांच्या यादीतून काढून मदत करणाऱ्यांच्या यादीत घालण्याचा विचार कधी केला आहे काय?

संत लुईने घर दिले, हाऊयने अक्षर दिले, ब्रेलने लिपी दिली. पुढील पाऊल आपले आहे. या रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसलेल्या अंध बांधवाजवळ जावे, आणि त्याला काय हवे ते आपणच न ठरविता त्यालाच विचारावे.