ठासणीचं माप

मोखाड्यातल्या पोशेऱ्यासारख्या डोंगरगावी बंदूक म्हणजे ठासणीची, हे समीकरण जुनं. तिचा प्रत्येक बार हातानेच भरायचा. नळीत दारू, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, गजाने ठासणं आणि शेवटी टोपी. दारू थोडी कमीजास्त झाली की नेम ढळायचा. फार झाली तर नळीच फुटायची.

परदेशातले हौशी नेमबाज तयार काडतुसाच्या पितळी नळीचं तोंड आवळून किंवा रुंदावून कुठल्याच कारखान्यात न बनणारं काडतूस घडवतात. त्याला ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. त्याच्या मापांचं छापील कोष्टक सहसा नसतं. कमी दारूपासून सुरुवात करायची, कागदावरच्या भोकांचा घोळका किती आवळला ते पाहायचं, मग जपून वर चढायचं. ठासणीवाल्याचं शास्त्र याहून फार निराळं नव्हतं. फक्त ते कोणी लिहून ठेवलं नाही.

आपल्याकडे काडतूस बदललं ते कायद्यामुळे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीबरोबर दारूगोळाही परवान्यात अडकला. पुढे लष्कराचं .३०३ नागरिकांना वर्ज्य झालं आणि ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसावर बेतलेलं .३१५ शिकाऱ्यांच्या हाती आलं. कारागिराची हौस त्यात कुठेच नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर हातात माप असूनही नेम धरायला फारसं काही उरलं नाही.