‘ड रिगर’ : कायद्यात नसलेली सक्ती

इंग्रजी वृत्तपत्रांच्या फॅशन, क्रीडा आणि समारंभविषयक पानांवर ‘ड रिगर’ हे विशेषण नेहमी भेटते. ‘आवश्यक’, ‘अनिवार्य’ असे त्याचे अर्थ सांगितले जातात आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. या शब्दात सक्ती आहे, पण ती कायद्याची नाही. ती रिवाजाची, शिष्टसंमत वागणुकीची किंवा चालू फॅशनची आहे. हा भेद विसरून शब्द वापरला, तर नियमाला केवळ शिष्टाचाराचे रूप येते. सुरक्षेच्या सूचनेत असे घडले, तर ती चूक भाषेपुरती राहत नाही.

उगम आणि उच्चार

हा मूळचा फ्रेंच शब्दप्रयोग. ‘रिगर’ म्हणजे कठोरपणा, काटेकोरपणा. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून तेथे ताठरपणा असा अर्थ आहे. इंग्रजीतील ‘रिजिड’ आणि मृत शरीराला येणाऱ्या ताठरपणासाठी वैद्यकात रूढ असलेली ‘रिगर मॉर्टिस’ ही संज्ञा याच मुळाशी जोडलेली आहे. फ्रेंच निमंत्रणपत्रिकांवर संध्याकाळचा औपचारिक पोशाख हवाच, हे सांगण्यासाठी हा शब्दप्रयोग छापत असत. एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजीत रुळला.

इंग्रजीत ‘ड’ ऱ्हस्व व ओझरता उच्चारतात आणि आघात ‘गर’वर देतात. ‘डी’ असा लांब उच्चार करू नये. लिहिताना मात्र सांभाळावे लागते. दुसऱ्या शब्दात आर, आय, जी, यू, ई, यू, आर अशी सात अक्षरे येतात; त्यांतील एक ‘यू’ गाळण्याची चूक इंग्रजी मातृभाषा असलेल्यांकडूनही होते.

वाक्यातील स्थान

हे विशेषण बहुधा नामाच्या आधी न येता क्रियापदानंतर येते. ‘अ सिल्क सारी इज ड रिगर ॲट सच वेडिंग्ज’ म्हणजे अशा लग्नांत रेशमी साडी हवीच. ‘इट इज ड रिगर टु अराइव्ह विथ अ गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू घेऊन जाण्याचा रिवाज आहे आणि तो मोडणे बरे दिसत नाही. प्रसंग सांगण्यासाठी पुढे ‘ॲट’, ‘इन’ किंवा ‘फॉर’, तर मंडळी सांगण्यासाठी ‘अमंग’ किंवा ‘फॉर’ येते.

व्यक्तीला मात्र हे विशेषण लावता येत नाही. ‘मला जाणे भाग आहे’ या अर्थी ‘आय ॲम ड रिगर टु गो’ असे वाक्य होत नाही. तेथे ‘ऑब्लाइज्ड’ हवे. त्याला ‘व्हेरी’ किंवा ‘मोअर’ जोडणेही खटकते. जे हवेच आहे, ते आणखी हवे कसे असणार?

चार शब्दांची उतरंड

‘मॅन्डेटरी’च्या मुळाशी आज्ञा आहे. आज्ञा देणारा कोणी अधिकारी असतो आणि ती मोडल्यास दंड किंवा अन्य परिणाम होतो. ‘ऑब्लिगेटरी’च्या मुळाशी बांधणे आहे, ते बंधन कायद्याचे असू शकते, तसेच नैतिकही. थट्टेच्या सुरातही तो शब्द चालतो, जसे सहलीतला ‘ऑब्लिगेटरी’ समूहफोटो. ‘कस्टमरी’ सर्वांत सौम्य : असे करण्याची पद्धत आहे, एवढेच तो सांगतो. ‘ड रिगर’ची जागा ‘ऑब्लिगेटरी’ आणि ‘कस्टमरी’ यांच्यामध्ये. पद्धत आहे आणि न पाळल्यास दंड होणार नाही, पण भुवया उंचावतील, असा त्याचा आशय.

विम्बल्डनचे उदाहरण हा फरक नेमका दाखवते. तेथे खेळाडूंनी जवळजवळ पूर्ण पांढरा पोशाख घालावा, हा लिखित नियम आहे. 2023 पासून महिला खेळाडूंना आत गडद रंगाची शॉर्ट्स घालण्याची मुभा मिळाली, तीही नियम बदलूनच. म्हणून पांढरा पोशाख ‘मॅन्डेटरी’. प्रेक्षकांनी स्ट्रॉबेरी आणि क्रीम खाणे ही मात्र तेथील जुनी प्रथा. ती न खाणाऱ्याला कोणी बाहेर काढत नाही. पण खाल्ल्याशिवाय विम्बल्डन पाहिल्यासारखे वाटत नाही. स्ट्रॉबेरी ‘ड रिगर’.

कोठे वापरू नये

बांधकामाच्या जागी ‘सेफ्टी बेल्ट्स आर ड रिगर’ असा फलक लावला, तर पट्टा बांधणे ही तेथील रीत आहे, असा अर्थ निघतो. रीत एखाद्या दिवशी चुकली तरी चालते, असे कामगाराला वाटले तर दोष फलकाचा. तेथे ‘मॅन्डेटरी’ किंवा सरळ ‘मस्ट’ हवे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 129 मध्ये दुचाकीस्वाराच्या हेल्मेटसाठी कोणतेही डौलदार विशेषण नाही. ‘शॅल’ या एका क्रियापदावर काम भागवले आहे. करारपत्र, परिपत्रक, औषधाच्या सूचना यांतही हाच दंडक पाळावा.

एकच वस्तू एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. 2020 मध्ये महासाथीच्या काळात महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणी मास्क ‘मॅन्डेटरी’ झाला आणि 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याला, ती सक्ती उठली. जपानमध्ये मात्र सर्दी झालेल्याने मास्क लावण्याची पद्धत महासाथीच्या आधीपासून होती. वस्तू तीच, एकीकडे तिच्यामागे सरकारी आदेश होता, दुसरीकडे लोकांची सवय.

मराठीत काय म्हणावे?

‘अनिवार्य’, ‘बंधनकारक’, ‘सक्तीचे’ हे शब्द ‘मॅन्डेटरी’साठी राखून ठेवावेत. ‘ड रिगर’चा अर्थ सांगायला मराठीला विशेषणाची फारशी गरजच पडत नाही. संक्रांतीला तिळगूळ हवाच, पाडव्याला श्रीखंड हवेच, असे म्हणताना कोणत्याही कलमाचा आधार नसतो, तरी घरात त्यावर वाद होत नाही. इंग्रजीने ज्यासाठी फ्रेंचमधून दोन शब्द उसने घेतले, ते काम मराठीत एक ‘च’ करतो. वाक्याचे मराठी करताना हा ‘च’ सहज बसला आणि न पाळणाऱ्याला दंडाची नव्हे, तर केवळ लोक काय म्हणतील याची धास्ती असली, तर ‘ड रिगर’ वापरण्यास हरकत नाही.