बांधाचा मक्ता आणि अणुकचऱ्याचा वारसा

पूल बांधावयाचा असो वा धर्मशाळा उभारावयाची असो, काम पुरे झाले, मोजमाप झाले, देयक चुकते झाले, म्हणजे सरकार व मक्तेदार परस्परांपासून मोकळे होतात. कंत्राट या शब्दातच शेवट गृहीत धरलेला असतो. परंतु मनुष्याची काही कामे अशी आहेत की ती पुरी म्हणून होतच नाहीत. समुद्र थोपवून धरण्याचे काम हे त्यांपैकी एक. अणुशक्तीच्या कारखान्यांतून उरलेले विषारी अवशेष सांभाळण्याचे काम हे दुसरे. पहिल्या कामाचा अनुभव रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या भागांस कित्येक पिढ्यांचा आहे. दुसऱ्याचा अनुभव साऱ्या जगाला मिळून अवघा ऐंशी वर्षांचा. यास्तव जुन्या अनुभवाचा कंदील हाती घेऊन नव्या इतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

पेणेच्या पश्चिमेस व रोह्याखाली कुंडलिकेच्या काठाने जी सपाट भातशेते दिसतात, त्यांतील पुष्कळशी समुद्रापासून सोडवून घेतलेली आहेत. अठराव्या शतकात पेणकडील खाजणे लागवडीस आणण्यासाठी तत्कालीन सरकारने ऐपतदार गृहस्थांस कौल दिले. आरंभीची काही वर्षे सारा माफ, पुढे तो पायरीपायरीने चढत जावयाचा. यास इस्तावा म्हणत. ज्याने भांडवल घालून बाहेरचा मोठा बांध घातला, तो शिलोत्रीदार. आतले लहान बांध कुळांनी राखावे, बाहेरचा बांध शिलोत्रीदाराने राखावा, आणि त्या राखणीबद्दल कुळांनी त्यास बिघ्यामागे ठराविक धान्य द्यावे, अशी ही व्यवस्था होती. सरकारी कामाचा मक्ता खाजगी हाती देण्याची याहून सुबक योजना क्वचितच सापडेल.

तिच्यातील उणीव पहिल्या पिढीत दिसली नाही. ज्याने बांध घातला त्याला त्याचे मर्म ठाऊक होते आणि त्याचे भांडवलही त्यातच गुंतलेले होते. पुढे हक्क वारसांकडे गेला, त्याच्या वाटण्या झाल्या. धान्य घेण्याचा हक्क जसा आपोआप उतरतो, तशी बांध राखण्याची आस्था उतरत नाही. हयगय वाढली, उधाणात खांडी पडल्या, खारे पाणी शेतात शिरले. खाऱ्या पाण्याने एकदा नासलेली जमीन पुन्हा गोडी धरण्यास पुढील कित्येक पावसाळे जावे लागतात. अखेर १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा करून मंडळ नेमले, आणि १९७९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्या व्यवस्थेची फेरमांडणी झाली. म्हणजे मक्त्याने दिलेले काम फिरून सरकारच्या दारी आले. उधाणाच्या दिवसांत पेण तालुक्यातील बांध आजही फुटतात, हे त्याबरोबरच सांगितले पाहिजे.

आता अणुशक्तीकडे वळू. दुसरे महायुद्ध चालू असता १९४३ च्या आरंभी अमेरिकन सरकारने वॉशिंग्टन संस्थानात, कोलंबिया नदीच्या काठी, हॅन्फर्ड नावाच्या गावाभोवतीची विस्तीर्ण जमीन ताब्यात घेतली. तेथे प्लुटोनियम तयार करावयाचे होते. काम ड्युपाँ या रसायनांच्या कंपनीकडे सोपविण्यात आले. पहिल्या महायुद्धातील दारूगोळ्याच्या व्यापारावरून या कंपनीस मृत्यूचा सौदागर म्हणून हिणवले गेले होते. म्हणून तिने या वेळी नफा नाकारला. झालेला सर्व खर्च सरकारने द्यावा आणि वर मोबदला म्हणून फक्त १ डॉलर, असा करार झाला. नुकसानीची जोखीम मात्र सरकारने पत्करली. २६ सप्टेंबर १९४४ रोजी तेथील पहिली अणुभट्टी चालू झाली, आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या बाँबमधील प्लुटोनियम हॅन्फर्डचे होते.

प्लुटोनियम काढण्याची रीत अशी की, भट्टीतून निघालेले युरेनियम तीव्र आम्लात विरघळवावयाचे, त्यातून थोडेसे प्लुटोनियम वेगळे करावयाचे, आणि बाकीचा किरणोत्सर्गी द्राव कोठेतरी साठवावयाचा. तो कोठेतरी म्हणजे जमिनीखालील पोलादी अस्तराच्या टाक्या. युद्धाच्या घाईत त्या वीसपंचवीस वर्षांच्या हिशोबाने बांधल्या गेल्या. पुढे काय करावयाचे हे युद्ध संपल्यावर पाहू, अशी समजूत होती. १९४६ साली ड्युपाँ कंपनी करार संपवून निघून गेली आणि जनरल इलेक्ट्रिक आली. १९६० नंतरच्या दशकात तीही बाहेर पडली आणि काम अनेक कंपन्यांत वाटले गेले. प्रत्येक नव्या मक्तेदारास मागल्याच्या टाक्या वारशाने मिळाल्या, परंतु टाक्यांत काय ओतले गेले याची पुरती आठवण मिळाली नाही. शिलोत्रीदारांच्या वाटण्यांत जे घडले तेच येथे कंपन्यांच्या फेरपालटात घडले.

त्या टाक्यांची संख्या १७७ झाली. त्यांत सुमारे २१ कोटी लिटर द्राव व गाळ साठला. १४९ टाक्या एकेरी अस्तराच्या होत्या, आणि त्यांतील ६७ टाक्यांतून गळती झाली असावी असे मानले जाते. या सर्व काळात कारखान्याचा मालक सरकार, मालाचा गिऱ्हाईक सरकार आणि तपासनीसही सरकारच होते, आणि संरक्षणाच्या गुप्ततेचा पडदा सर्वांवर होता. १९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्याने अपघाताच्या भरपाईतून मक्तेदारांस मोठे संरक्षण दिले. मक्तेदाराने दरमहा देयक पाठवावे आणि सरकारने ते द्यावे. भविष्यकाळाचे देयक कोणी पाठवीत नव्हते.

तो हिशोब १९८९ साली उघडा पडला. त्या वर्षी १५ मे रोजी अमेरिकेचे ऊर्जाखाते, तेथील पर्यावरणरक्षण संस्था आणि वॉशिंग्टन संस्थान यांच्यात हॅन्फर्डच्या स्वच्छतेचा करार झाला. पुढच्याच महिन्यात कोलोराडोतील रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्रांच्या कारखान्यावर सरकारच्याच पोलिसांनी धाड घातली. तेथील मक्तेदार रॉकवेल कंपनीने १९९२ साली पर्यावरणविषयक गुन्हे कबूल करून १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरला. सरकारच्या कारखान्यावर सरकारनेच धाड घालावी, हा प्रकार मोठा बोधप्रद आहे. कामाबरोबर देखरेखही मक्त्याने देऊन टाकली, म्हणजे आपल्याच घरात काय चालले आहे हे कळण्यास झडती घ्यावी लागते.

यापुढे अमेरिकन सरकारने निरनिराळ्या तऱ्हेची कंत्राटे करून पाहिली. हॅन्फर्डच्या टाक्यांतील द्राव काचेत मिसळून घट्ट करावयाचा होता. १९९६ नंतर अशी योजना आखली गेली की, मक्तेदाराने स्वतः भांडवल उभारून कारखाना बांधावा आणि तयार झालेल्या काचेच्या हिशोबाने पैसे घ्यावे. हा व्यवहार उक्त्या कामासारखा होता. परंतु ज्या द्रावाचे गुणधर्म पुरते ठाऊक नाहीत, त्याचा उक्ता दर कोण सांगणार? सुमारे ६९० कोटी डॉलरचा अंदाज २००० साली १५०० कोटींच्या वर गेला, आणि ब्रिटिश न्यूक्लिअर फ्युएल्स कंपनीकडून ते काम काढून घेण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते बेक्टेल कंपनीस, झालेला खर्च अधिक मोबदला या जुन्या पद्धतीने देण्यात आले. आरंभीचा आकडा सुमारे ४३० कोटींचा होता. २००६ पर्यंत तो १२०० कोटींपलीकडे गेला. नक्षा पुरा होण्याआधीच बांधकाम चालू होते. २०१२ साली तांत्रिक शंकांमुळे मुख्य भागाचे काम थांबवावे लागले. निकृष्ट मालाच्या आरोपांवरून २०१६ साली मक्तेदारांनी दोष मान्य न करता १२ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. टाक्यांतील सौम्य द्रावाची पहिली काच तयार होण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. १९८९ च्या करारास तेव्हा ३६ वर्षे होऊन गेली होती.

यावरून मक्त्याची पद्धतच वाईट, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रॉकी फ्लॅट्सची कथा याच्या उलट आहे. तेथील स्वच्छतेस ६५ वर्षे व ३६०० कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता. १९९५ साली नव्या मक्तेदाराशी करार झाला आणि पुढे असे ठरले की, काम जितके लवकर व काटकसरीने होईल तितका मोबदला वाढेल. २००५ साली, सुमारे ७०० कोटी डॉलरात, इमारती पाडून काम संपले. मग हॅन्फर्डास जे साधले नाही ते येथे का साधले? कारण येथील कामास शेवट होता. काय पाडावयाचे हे ठाऊक होते आणि निघालेला कचरा दुसऱ्या संस्थानांतील साठ्यांकडे रवाना करता येत होता. तरीही जमिनीत उरलेल्या अंशांवर नजर ठेवण्याचे काम आजही अमेरिकन ऊर्जाखातेच करीत आहे. मक्तेदार गेला, पहारा राहिला. प्लुटोनियमचा मुख्य प्रकार निम्मा होण्यास सुमारे २४००० वर्षे लागतात, आणि इतक्या मुदतीचे कंत्राट कोणी लिहिलेले नाही.

इंग्लंडनेही हाच धडा गिरविला. सेलाफील्डचा कारभार २००८ साली एका खाजगी संघाकडे देण्यात आला. तेथील काम अतिशय गुंतागुंतीचे व अनिश्चित असल्याचे मान्य करून २०१६ साली तो सरकारी संस्थेच्या थेट ताब्यात परत घेण्यात आला.

भारताची वाट निराळी आहे. मुंबई बंदरात घारापुरीच्या बेटावरून समोर तुर्भ्याचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी १९५६ साली अप्सरा ही पहिली अणुभट्टी चालू झाली आणि १९६४ साली प्लुटोनियमचा कारखाना. तारापूरचे वीजकेंद्र मात्र जनरल इलेक्ट्रिक कंपनीने मक्त्याने बांधून दिले व ते १९६९ साली चालू झाले. तथापि कचऱ्याचे काम भारताने मक्त्याने दिले नाही. तो काचेत घट्ट करून तारापूर व तुर्भे येथे सांभाळण्याचे कार्य अणुऊर्जा खात्याच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांकडे राहिले. यामुळे ज्ञान घरात राहिले, हा लाभ लहान नव्हे. परंतु निर्माता, राखणदार आणि तपासनीस एकाच छपराखाली असणे हा हॅन्फर्डचा दोष येथेही होता. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली निघाले ते सरकारी आदेशाने. २०१२ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालाने त्यास पुरेसे कायदेशीर अधिकार नसल्याचे दाखविले, आणि देशातील एकाही अणुवीजकेंद्राची बंद करण्याची योजना तयार नसल्याचेही नोंदविले.

केंद्रे मोडण्याच्या पुढील खर्चासाठी वीजग्राहकाकडून युनिटमागे २ पैसे आकारण्याची पद्धत आहे. पेणच्या कुळाने बिघ्यामागे दिलेल्या धान्याचाच हा नवा अवतार. दोहोंत प्रश्न एकच: वसूल झालेले द्रव्य बांधाच्याच कामी लागेल याची हमी कोण देणार?

हा प्रश्न आता जवळ आला आहे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने कायदा करून अणुवीज खाजगी उद्योगास खुली केली. वापरलेल्या इंधनाची पुनःप्रक्रिया व तीव्र कचऱ्याची व्यवस्था यांसारखी कामे त्यातही केंद्र सरकारकडेच राखून ठेवली आहेत, आणि नियामक मंडळास कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. ही सावधगिरी योग्यच होय. घातक कचऱ्याचा विषय रोहेकरांस परका नाही. धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळे कुंडलिकेचे पाणी हा तेथील जुना चिंतेचा विषय आहे.

शिलोत्रीच्या आणि हॅन्फर्डच्या इतिहासातून एकच गोष्ट निष्पन्न होते. बांध घालण्याचा मक्ता देता येतो, बांध राखण्याची जबाबदारी देता येत नाही. ज्या कामास शेवट आहे ते खुशाल मोलाने करून घ्यावे. परंतु धोक्याची मालकी, त्यासाठी राखून ठेवलेला पैसा आणि काम पारखून घेणारी जाणती माणसे ही तिन्ही सरकारने, म्हणजे अखेर नागरिकांनी, स्वतःपाशी ठेवली पाहिजेत. यांतील एक जरी निसटले तरी पुढल्या उधाणात खांड कोठे पडली हे शोधण्याचे काम, ज्यांचा त्या करारावर अंगठाही नव्हता, अशा पिढीच्या वाट्यास येते.