गिटार-विवर्धकातील शक्तिनलिका व त्यांचा बायस

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संदेश ध्वनिक्षेपक चालविण्याइतका प्रबल करणाऱ्या साधनास गिटार-विवर्धक किंवा ॲम्प्लिफायर म्हणतात. त्याच्या अखेरच्या टप्प्यात ध्वनिक्षेपकाला शक्ती पुरविणाऱ्या निर्वात नलिकांना शक्तिनलिका ही संज्ञा आहे. वापराने त्या क्षीण होतात व बदलाव्या लागतात. पुष्कळ विवर्धकांत नवी नलिका बसविल्यावर तिच्या नियंत्रक जालकाला दिलेला ऋण दाबही पुन्हा ठरवावा लागतो. या दाबास बायस म्हणतात. नलिकांचे उत्पादन विपुल होते तोपर्यंत हे काम गौण मानले जाई; उत्पादन आटले, तसे त्याचे महत्त्व वाढत गेले.

तत्त्व : अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये दोन अग्रांच्या नलिकेत जालक हे तिसरे अग्र घातले. त्यातून पुढे नलिकेचा विवर्धक म्हणून उपयोग शक्य झाला. तप्त ऋणाग्रातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन धन दाबाच्या पट्टिकेकडे जातात. मधील जालक जितके अधिक ऋण, तितका हा प्रवाह कमी होतो. संदेश नसतानाही नलिकेतून थोडा प्रवाह वाहू द्यावा लागतो व त्याचे मान बायसने ठरते. नलिकांची जोडी आळीपाळीने काम करते अशा मंडलात हा प्रवाह फार कमी ठेवल्यास एका नलिकेकडून दुसरीकडे काम जाताना तरंगाचा आकार बिघडतो आणि स्वर रुक्ष होतो. प्रवाह फार वाढल्यास पट्टिका तापून लाल होते, नलिका लवकर निकामी होते आणि प्रसंगी रोहित्रही जळते.

बायस देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत ऋणाग्राला रोधक जोडतात. प्रवाह वाढला की रोधकावरील दाब वाढतो व प्रवाहाला आपोआप आळा बसतो. दुसरीत जालकाला स्वतंत्र उगमातून ऋण दाब देतात. हिला स्थिर बायस म्हणत असले, तरी स्थिर असतो तो दाब. प्रवाह नलिकेगणिक बदलतो. या पद्धतीत अधिक शक्ती मिळते, पण जुळणीचा भार माणसावर पडतो.

इतिहास : आरसीए या अमेरिकन कंपनीने १९३६ मध्ये ६एल६ ही शक्तिनलिका बाजारात आणली. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या विवर्धकांत या कुळातील नलिका वापरल्या गेल्या. त्यांच्या बासमन या विवर्धकाच्या १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीच्या आवृत्तीत स्थिर बायस होता, पण तो कमीजास्त करण्याची सोय नव्हती. बदललेली नलिका पहिलीसारखीच असेल, हे त्यात गृहीत होते. याच विवर्धकाच्या आधारे लंडनमध्ये जिम मार्शल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये आपला पहिला विवर्धक तयार केला. पुढे मार्शल विवर्धकांत ईएल३४ ही यूरोपीय नलिका रूढ झाली. व्हॉक्स कंपनीच्या एसी३० मध्ये मात्र चार ईएल८४ नलिका व ऋणाग्र-रोधकाची पद्धत होती.

ट्रँझिस्टरचा शोध १९४७ मध्ये लागला आणि पुढील तीन दशकांत रेडिओ व दूरचित्रवाणी संचांतून नलिका हद्दपार झाल्या. अमेरिका व ब्रिटन येथील नलिकांचे बहुतेक कारखाने बंद पडले. गिटारवादकांनी मात्र नलिका सोडल्या नाहीत, कारण क्षमतेपलीकडे चालविलेल्या नलिकेतून येणारी विकृती हाच त्यांच्या वाद्याचा स्वर झाला होता. त्यांची गरज प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील मोजक्या कारखान्यांवर येऊन ठेपली. आता काचेवरचा अंक तोच असला, तरी आतील रचना व गुणधर्म मूळ नलिकेसारखे असतीलच असे उरले नाही.

यावर दोन उपाय निघाले. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रूव्ह ट्यूब्ज या अमेरिकन कंपनीने नलिका मोजून, त्यांना १ ते १० असे गुणांक देऊन, जुळलेल्या जोड्या विकण्यास सुरुवात केली. मेसा बूगी कंपनीने आपल्या विवर्धकांत बायस कायम ठेवून त्याला जुळतील अशाच निवडक नलिका पुरविल्या. इतरत्र मोजून जुळणी करणे हाच मार्ग राहिला.

जुळणी : ईएल३४ च्या पट्टिकेची उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॉट आहे. पट्टिकेवर ४५० व्होल्ट दाब असल्यास या मर्यादेला सुमारे ५५ मिलिअँपिअर प्रवाह येतो. स्थिर बायसच्या जोडीत संदेश नसताना मर्यादेच्या सु. ७० टक्के, म्हणजे सु. ३९ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ठेवण्याचा प्रघात आहे. हा संकेत आहे, नियम नव्हे. ऋणाग्र व भूसंपर्क यांमध्ये १ ओहमचा रोधक घातल्यास त्यावरील मिलिव्होल्टचा आकडा थेट मिलिअँपिअर दर्शवितो. त्यात पडदा-जालकाचाही अल्प प्रवाह मिसळलेला असतो. ६एल६ च्या जागी ईएल३४ बसविताना केवळ बायस पाहून भागत नाही. ईएल३४ च्या तापकाला ०·९ ऐवजी १·५ अँपिअर प्रवाह लागतो आणि तिच्या पहिल्या टाचणीची जोडणीही वेगळी असते.

विवर्धक बंद करून तार काढल्यावरही धारित्रांत चारशेहून अधिक व्होल्टचा प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. तो रोधकातून काढून टाकून, दाब उतरल्याची मापकाने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. दाब चालू ठेवून करावयाचे मोजमाप अनुभवी तंत्रज्ञाकडेच सोपवावे. ध्वनिक्षेपक न जोडता नलिका-विवर्धक चालविल्यास रोहित्राला धोका पोहोचतो.

मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा नलिकांचा पुरवठा काही काळ खंडित झाला व किंमती वाढल्या. थोड्याच आठवड्यांत निर्यात पुन्हा सुरू झाली. तथापि, लक्षावधी वादकांच्या परिचयाचा हा स्वर किती थोड्या कारखान्यांवर अवलंबून आहे, हे त्या घटनेने स्पष्ट केले. अशा स्थितीत योग्य बायस राखून हाती असलेल्या नलिकेचे आयुष्य वाढविणे, हा या स्वराच्या जतनाचाच एक भाग ठरतो.