डंकर्क: सिनेमात न दिसलेली, मुंबईहून निघालेली खेचरं

ख्रिस्तोफर नोलनचा ‘डंकर्क’ 2017 च्या जुलैमध्ये आला. तीन ऑस्कर मिळाले, तिन्ही एडिटिंग आणि साउंडसाठी. पिक्चर पाहिला असेल तर ती टिकटिक अजून कानात असेल. पण त्यात एक गोष्ट दिसत नाही. त्या किनाऱ्यावर भारतीय सैनिकसुद्धा होते.

आधी मूळ भानगड समजून घेऊ.

मे 1940. जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये इतक्या वेगाने घुसले की ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य डंकर्क बंदराभोवती कोंडलं गेलं. पुढे समुद्र, मागे जर्मन. पलीकडचं इंग्लंड जवळच्या मार्गाने 72 किलोमीटर, म्हणजे सातपूरहून निघून कसारा घाट उतरावा साधारण तेवढं. पण हा मार्ग जर्मन तोफांच्या माऱ्यात आल्यामुळे जहाजांना लांबचा वळसा घ्यावा लागला.

त्यात किनारा उथळ. मोठी जहाजं वाळूजवळ येऊच शकत नव्हती, म्हणून लोकांच्या खासगी बोटीही कामाला लागल्या. सिनेमाने या बोटींना हिरो केलंय आणि ते चुकीचं नाही. पण जवळपास 70 टक्के सैनिक बाहेर पडले ते बंदरातून, मुख्यतः लाटा अडवण्यासाठी बांधलेल्या एका लांब, अरुंद धक्क्यावरून. जहाजं लावण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. कॅप्टन विल्यम टेनंट यांनी तो वापरून पाहिला आणि जमलं. 26 मे ते 4 जून या काळात 3,38,226 जण सुटले.

आता भारतीय कुठून आले?

ब्रिटिश सैन्य तोवर जवळजवळ पूर्ण मोटारींवर आलं होतं. पण फ्रान्सच्या थंडीत, चिखलात ट्रक रुतणार, मग सामान कोण वाहणार? उत्तर होतं खेचर! म्हणून डिसेंबर 1939 मध्ये ‘फोर्स के-6’ मुंबई बंदरातून निघाली आणि 26 डिसेंबरला मार्सेलला उतरली. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार खेचर कंपन्या. माणसं बहुतेक पंजाबी मुसलमान.

डंकर्कला माणसांनाच जागा पुरत नव्हती, त्यामुळे खेचरं मागेच सोडावी लागली. महिनोन् महिने रोज ज्याला दाणापाणी केलं ते जनावर सोडून धक्का चढायचा. एवढा सीन जरी पिक्चरमध्ये असता ना!

मेजर मोहम्मद अकबर खान हे तिथले वरिष्ठ भारतीय अधिकारी. फाळणीनंतर ते पाकिस्तानी लष्करात मेजर जनरल झाले. जमादार मौला दाद खान यांना धैर्यासाठी इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालं. कागदोपत्री ही नावं आहेत, त्यामुळे ‘माहितीच नव्हती’ ही सबब पटत नाही. सिनेमा आल्यावर भारतात आणि ब्रिटनमध्येही यावरून टीका झाली. नोलनची गोष्ट मोजक्या पात्रांची आहे, हेही खरं. पण गर्दीच्या फ्रेममध्ये दोन-चार पगड्या दाखवायला कथा बदलावी लागली नसती.

आणि सगळेच सुटले नाहीत. डंकर्कपासून दूर, पूर्व फ्रान्समध्ये तैनात असलेली 22 नंबरची कंपनी जर्मनांच्या हाती लागली. सुटलेले ब्रिटनमध्ये पोहोचले खरे, पण लगेच घरी नाही. भारतात परतायला त्यांना 1944 उजाडलं.